मॅट्रिकची परीक्षा आणि विद्यार्थ्याची तक्रार : महाराष्ट्रातील अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीचा एक ऐतिहासिक अभ्यास (१८५७ ते २०२१)

प्रस्तावना :

शिकविल्या जाणाऱ्या विषयांचा जीवनाशी संबंध नाही, पुस्तके जुनी आहेत, पाठांतरालाच गुण मिळतात आणि तीन तासांच्या एका उत्तरपत्रिकेवर सर्व भवितव्य ठरते, ही तक्रार आजच्या विद्यार्थ्याच्या तोंडी सहज ऐकू येते. महाविद्यालयात इतिहासाचे अध्यापन करताना एखाद्या प्रकरणाची चर्चा रंगात आली असता मागील बाकावरून 'सर, हे परीक्षेला येणार आहे का?' असा प्रश्न येतो. तो प्रश्न बहुतेक वेळा उद्धटपणाचा नसतो. अनेक वर्षांच्या शालेय अनुभवातून विद्यार्थ्याने काढलेला तो व्यवहारी निष्कर्ष असतो. जे विचारले जाणार नाही ते शिकण्यात वेळ घालविणे त्याला परवडत नाही.

ही तक्रार नव्या पिढीच्या अधीरतेतून आलेली आहे, असे मानण्याकडे ज्येष्ठांचा कल असतो. उलटपक्षी, 'पूर्वीचे शिक्षण चांगले होते, परीक्षांचे स्तोम अलीकडचे आहे', असेही म्हटले जाते. इतिहासाची साधने या दोन्ही समजुतींना पुष्टी देत नाहीत. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांतच अभ्यासक्रमाच्या निरुपयोगीपणाबद्दल व परीक्षेच्या जाचाबद्दल महाराष्ट्रात जाहीरपणे बोलले जाऊ लागले. म्हणजे परीक्षा आणि तिच्याविषयीची तक्रार यांचे वय जवळजवळ सारखेच आहे. मग एवढी जुनी, एवढी सर्वमान्य तक्रार असूनही परीक्षा का टिकली, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) पश्चिम भारतात सार्वत्रिक लेखी परीक्षेचा उगम कोणत्या हेतूने झाला, हे पाहणे.
२) अभ्यासक्रम व परीक्षा यांविषयी विविध सामाजिक स्तरांतून झालेल्या टीकेचे स्वरूप तपासणे.
३) पर्यायी शिक्षणप्रयोगांच्या मर्यादांची कारणमीमांसा करणे.
४) वर्तमान सुधारणांच्या संदर्भात या इतिहासाचा अर्थ लावणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती :

प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. आयोगांचे अहवाल, शैक्षणिक कायदे, चरित्रे व आत्मचरित्रे यांतून ज्ञात असलेल्या घटनांच्या आधारे विवेचन केले आहे. जुना मुंबई इलाखा आणि आजचे महाराष्ट्र राज्य एवढीच व्याप्ती ठेवली आहे. प्राथमिक शिक्षणाचा उल्लेख आवश्यक तेथेच केला असून भर माध्यमिक शिक्षणाच्या अखेरीस होणाऱ्या परीक्षेवर आहे.

१. परीक्षेसाठी विद्यापीठ, विद्यापीठासाठी शाळा :

१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. तत्कालीन लंडन विद्यापीठ हे शिकविणारे विद्यापीठ नव्हते. संलग्न संस्थांत शिकलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, एवढेच त्याचे काम होते. मुंबई विद्यापीठानेही तेच काम स्वीकारले. परिणामी विद्यापीठ या शब्दाचा पश्चिम भारतातील पहिला अर्थ 'परीक्षा घेणारी संस्था' असाच झाला.

विद्यापीठात प्रवेश देण्यासाठी मॅट्रिक ही प्रवेशपरीक्षा ठेवण्यात आली. नावाप्रमाणे ती महाविद्यालयाच्या दाराशी असलेली परीक्षा होती. शाळेत काय शिकविले जावे हे ठरविण्याचा तिचा मूळ उद्देश नव्हता. परंतु हायस्कुलाच्या अखेरीस दुसरी कोणतीही तितक्या वजनाची कसोटी नसल्यामुळे शाळांचा सारा अभ्यासक्रम मॅट्रिकच्या विषयांप्रमाणे बेतला जाऊ लागला. इंग्रजी, दुसरी भाषा, गणित आणि 'सामान्य ज्ञान' या सदरात येणारे इतिहास, भूगोल व विज्ञान हे त्यातील विषय होते. जी मुले पुढे महाविद्यालयात जाणार नव्हती, आणि अशा मुलांचीच संख्या मोठी होती, त्यांनाही महाविद्यालयाच्या तयारीचेच शिक्षण मिळू लागले.

याला नोकरीची जोड मिळाली. लॉर्ड हार्डिंग्ज यांच्या १८४४ च्या ठरावाने सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिक्षण घेतलेल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण आधीच जाहीर झाले होते. मॅट्रिक उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र कचेरीत चालू लागले. एकाच परीक्षेकडे अशा प्रकारे तीन कामे आली. विद्यार्थ्याने काय शिकले याचे मापन करणे, पुढील शिक्षणासाठी निवड करणे आणि नोकरीसाठी उमेदवार चाळणे ही ती तीन कामे होत. पुढील दीड शतकातील बहुतेक सर्व तंटे या तीन कामांच्या सरमिसळीतून निर्माण झाले आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२. अभ्यासक्रम कोणाचा? :

अभ्यासक्रम परका आहे, ही तक्रार मॅट्रिकपेक्षाही जुनी आहे. १८४० साली स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये शिक्षणाच्या माध्यमावरून तीव्र वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे इंग्रजीचे पुरस्कर्ते होते, तर कर्नल जर्व्हिस व जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू मांडली. विद्यापीठाच्या स्थापनेनंतर उच्च शिक्षणात इंग्रजीचा पक्ष वरचढ ठरला. देशी भाषा विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मागे पडल्या आणि संस्कृतादी अभिजात भाषांना ते स्थान मिळाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात विद्यापीठात मराठीचा पुनःप्रवेश व्हावा म्हणून प्रयत्न केले, ही बाब येथे लक्षणीय ठरते. कारण रानडे हे स्वतः पहिल्या मॅट्रिक परीक्षेत उत्तीर्ण झालेले आणि १८६२ च्या पहिल्या बी. ए. तुकडीतील चौघांपैकी एक होते. रा. गो. भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे इतर तिघे. या व्यवस्थेने ज्याला सर्वाधिक दिले, त्यालाच तिच्यातील उणीव जाणवली होती.

मराठी शाळांत मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेली क्रमिक पुस्तके दीर्घकाळ चालत होती. त्या पुस्तकांनी मराठी गद्याला एक शिस्त लावली हे मान्य करावे लागेल. तथापि एकदा मंजूर झालेले पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या तसेच चालू राहते, ही परंपराही तेथूनच रुजली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी आधी 'शालापत्रका'तून आणि १८७४ पासून 'निबंधमाले'तून मराठी भाषा व शिक्षण यांची जी चिकित्सा केली, तिला ही पार्श्वभूमी आहे.

३. परीक्षार्थी धोंडो केशव कर्वे :

परीक्षेचा जाच म्हणजे काय, हे समजण्यासाठी महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या तरुणपणीचा प्रसंग बोलका आहे. कोकणातील मुरूड येथे शिकणाऱ्या कर्व्यांना मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यावयाची होती. त्यासाठी १८७५ च्या सुमारास ते सोबत्यांसह मुरूडहून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैल, सह्याद्री ओलांडून, पायी गेले. परीक्षेस बसण्यास सतरा वर्षे पूर्ण असण्याची अट होती. कर्वे यांनी ती वयोमर्यादा ओलांडलेली होती. परंतु शरीराने ते लहानखुरे दिसत. परीक्षा समितीच्या अध्यक्षांना ते सतरा वर्षांचे वाटले नाहीत आणि त्यांना परीक्षेस बसू देण्यात आले नाही. पुढे कोल्हापूर केंद्रातून त्यांनी ती परीक्षा दिली. मॅट्रिक होईपर्यंत १८८१ साल उजाडले. तेव्हा त्यांचे वय तेवीस होते.

हा प्रसंग सामान्यतः कर्व्यांच्या चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. केंद्रे मोजकी होती, ग्रामीण परीक्षार्थीला प्रवासाचा सारा भार स्वतः सोसावा लागे आणि नियमाचा अर्थ लावण्याचा अधिकार टेबलापलीकडील व्यक्तीकडे होता. दाद मागण्याची सोय नव्हती. शिवाय कर्वे पुढे महर्षी झाले म्हणून हा प्रसंग आपल्यापर्यंत पोहोचला. जे असेच परत फिरले आणि पुन्हा कधी आले नाहीत, त्यांची आत्मचरित्रे लिहिली गेली नाहीत. परीक्षेच्या इतिहासाची साधने ही बहुतांशी उत्तीर्णांची साधने आहेत, ही मर्यादा प्रत्येक निष्कर्ष काढताना ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

४. महात्मा फुले यांची साक्ष :

१८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगासमोर महात्मा जोतीराव फुले यांनी सादर केलेले निवेदन हे अभ्यासक्रमाच्या चिकित्सेचे मूलभूत साधन आहे. सरकारचा शिक्षणावरील खर्च वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे झुकतो आणि ज्यांच्या करातून तो पैसा येतो त्या शेतकरी वर्गाची मुले शाळेबाहेर राहतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. किमान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून निवडावेत, अशी त्यांची मागणी होती. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल व व्याकरणाची तोंडओळख यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचा समावेश असावा, असे त्यांनी सुचविले. ज्या मुलाला पुढे शेती करावयाची आहे त्याच्या शिक्षणात शेती असू नये, ही विसंगती त्यांनी नेमकी दाखविली.

या निवेदनाचा आणखी एक भाग तुलनेने कमी उद्धृत केला जातो. खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाने प्रवेशपरीक्षेस बसू दिले, याबद्दल फुल्यांनी समाधान व्यक्त केले आणि हीच सवलत वरच्या परीक्षांनाही मिळावी, अशी अपेक्षा केली. शिक्षणव्यवस्थेवर कठोर टीका करणारे फुले परीक्षेचे दार मात्र अधिक रुंद करू पाहत होते. ज्याला शाळेत प्रवेश मिळत नाही, शाळेची फी परवडत नाही किंवा शाळेत सन्मानाची वागणूक मिळत नाही, त्याला निदान परीक्षेत तरी आपली योग्यता सिद्ध करता यावी, हा त्यामागील विचार दिसतो. अभ्यासक्रमाला विरोध आणि परीक्षेच्या दाराचा आग्रह यांत वरवर विरोधाभास वाटतो. वंचित समाजाच्या दृष्टीने त्या दोन्ही मागण्या एकाच न्यायबुद्धीतून आलेल्या आहेत.

५. न्यू इंग्लिश स्कूल : टीका आणि निकाल :

१८८० च्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक, माधवराव नामजोशी आणि लवकरच त्यांना येऊन मिळालेले वामन शिवराम आपटे व गोपाळ गणेश आगरकर हे त्याचे शिल्पकार होते. देशी माणसांनी, स्वार्थत्यागाच्या पायावर, स्वस्त शिक्षण द्यावे हा त्यांचा हेतू होता. टिळकांनी स्वतः डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यासापेक्षा व्यायामाला दिले होते. परीक्षेला आयुष्यात किती महत्त्व द्यावयाचे याविषयी त्यांचे मत या वर्तनातून दिसते.

असे असले, तरी या शाळेची कीर्ती पसरली ती मुख्यतः मॅट्रिकच्या निकालांमुळे. संस्कृतासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती या शाळेचे विद्यार्थी मिळवू लागले, तसा पालकांचा विश्वास वाढला. हंटर आयोगाच्या निमित्ताने पुण्यास आलेल्या विल्यम हंटर यांनीही शाळेची प्रशंसा केली. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन होऊ शकले, त्यामागे या यशाचे पाठबळ होते.

येथे एक महत्त्वाचा तिढा दिसतो. सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून निघालेल्या शाळेला आपली गुणवत्ता सरकारमान्य परीक्षेतच सिद्ध करावी लागली. तसे केले नसते तर विद्यार्थी आले नसते. केले, तेव्हा अभ्यासक्रम बदलण्याचे स्वातंत्र्य संपले. याला त्या पिढीचा दोष म्हणता येणार नाही. मापनाची पट्टी ज्याच्या हातात असते, त्याच्या अटींवरच स्पर्धा करावी लागते.

६. पदवीधरांचे आयुर्मान आणि परीक्षेचा ताण :

१८९० च्या दशकात मुंबई विद्यापीठाच्या वर्तुळात एका वेगळ्याच विषयाची चर्चा सुरू झाली. पदवीधर तरुण अकाली का मरतात, हा तो विषय होता. रानडे यांनी या प्रश्नाकडे लक्ष वेधले होते. डॉ. भांडारकर १८९३ ते १८९५ या काळात कुलगुरू होते, त्या काळात हा विषय ऐरणीवर आला. समकालीनांना तो इतका का जाणवला, हे मृत्यूंची नोंद पाहिली म्हणजे कळते. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली वयाच्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ साली गेले, तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ साली त्रेचाळिसाव्या वर्षी, तर आगरकर १८९५ साली एकोणचाळिसाव्या वर्षी दिवंगत झाले.

या मृत्यूंचे खापर परीक्षेवर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही. आगरकरांना दम्याचा विकार होता आणि त्या काळातील एकंदर आयुर्मानच अल्प होते. परंतु परक्या भाषेतून, अपुऱ्या आहारावर, रात्रंदिवस केलेला अभ्यास शरीराला पोखरतो, असे त्या पिढीतील विचारवंतांना वाटू लागले होते, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. विद्यार्थ्यांवरील ताण ही एकविसाव्या शतकातील 'लाडावलेल्या' पिढीची कल्पना नव्हे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

एकसारख्या मोजपट्टीने भिन्न बुद्धीचे मापन होत नाही, याचेही उदाहरण याच पिढीत सापडते. मराठी कादंबरीला सामाजिक वास्तवाची दिशा देणारे हरि नारायण आपटे यांना गणितामुळे महाविद्यालयीन परीक्षांत अपयश आले आणि ते पदवीधर होऊ शकले नाहीत.

७. दार आणि भिंत :

१९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर हे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक उत्तीर्ण झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलाच्या या यशाबद्दल मुंबईत अभिनंदनाची सभा भरली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. या घटनेला एक दुःखद बाजू आहे. शाळेत आंबेडकरांना संस्कृत शिकावयाचे होते. तथापि जातीमुळे ते नाकारण्यात आले व त्यांना फारसी घ्यावी लागली. मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते, म्हणजे आजच्या टक्केवारीच्या भाषेत ३८ टक्क्यांहून कमी. पुढे कोलंबिया व लंडन येथील विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या त्यांनी संपादन केल्या.

या एका उदाहरणात परीक्षेचे दोन्ही गुणधर्म एकवटले आहेत. गुणांच्या आकड्यावरून विद्यार्थ्याच्या भावी कर्तृत्वाचा अंदाज बांधता येत नाही, हे त्यातून दिसते. त्याचबरोबर, वर्गातील विषय ज्याला जातीमुळे नाकारला गेला, त्याला परीक्षेने उत्तीर्ण म्हणून घोषित केले, हेही दिसते. आसनक्रमांकाला जात नसते. विद्यार्थ्याला न ओळखणाऱ्या परीक्षकाने तपासलेली उत्तरपत्रिका ही वशिला व भेदभाव यांवर मर्यादित का होईना, पण अंकुश ठेवते. बहुजन व दलित समाजाने मॅट्रिकला जे महत्त्व दिले, ते अंधानुकरण नव्हते. त्या काळात त्यांना उपलब्ध असलेल्या कसोट्यांपैकी ती त्यातल्या त्यात निःपक्षपाती होती.

८. पर्यायांचे भवितव्य :

परीक्षाकेंद्री शिक्षणाला पर्याय देण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात वारंवार झाले. हंटर आयोगानेच हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन शाखा सुचविल्या होत्या. एक विद्यापीठाकडे नेणारी आणि दुसरी व्यवहारोपयोगी. दुसऱ्या शाखेला विद्यार्थ्यांचा प्रतिसाद मिळाला नाही, कारण प्रतिष्ठा पहिल्या शाखेला होती. मुंबई इलाख्यात पुढे निघालेली 'स्कूल फायनल' ही परीक्षादेखील नोकरीच्या उमेदवारांची आणखी एक चाळणी ठरली. १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने अध्यापन हे परीक्षेच्या दावणीला बांधले गेल्याचे निदान केले. १९०४ च्या कायद्याने मात्र विद्यापीठांवरील सरकारी नियंत्रण घट्ट केले. परीक्षेची पकड सैल झाली नाही.

तळेगाव दाभाडे येथे विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली सुरू केलेले समर्थ विद्यालय स्वतंत्र राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा प्रयोग करीत होते. १९१० साली सरकारने ते बंद पाडले. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. मराठीसारख्या मातृभाषेचे माध्यम आणि स्त्रियांच्या गरजांनुसार आखलेला अभ्यासक्रम ही त्याची वैशिष्ट्ये होती. ज्या माणसाला साताऱ्याच्या परीक्षा समितीने परत पाठविले होते, त्याने उभे केलेले हे विद्यापीठ. परंतु त्याच्या पदव्यांना वैधानिक मान्यता मिळण्यासाठी स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. तोपर्यंत त्या पदव्यांचे बाजारमूल्य मर्यादित राहिले. शिवाय स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम अभ्यासक्रम ठरण्याचा धोका असतो, हा आक्षेपही विचारात घेण्यासारखा आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेतून महात्मा गांधींची नई तालीम पुढे आली. डॉ. झाकिर हुसेन समितीने त्या योजनेचा अभ्यासक्रम मांडताना प्रचलित परीक्षापद्धतीवर कठोर टीका केली. उद्योगातून शिक्षण ही कल्पना मूलगामी होती. परंतु नई तालीमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाने पुढे कोठे जावयाचे, या प्रश्नाला समाजाकडे उत्तर नव्हते. उलट, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे बोर्डी आणि कोसबाड येथील बालशिक्षणाचे प्रयोग दीर्घकाळ टिकले व बहरले. त्यामागे त्यांची तपश्चर्या तर होतीच. पण पूर्वप्राथमिक वयापर्यंत परीक्षेचा हात पोहोचलेला नव्हता, हेही एक कारण असावे, असे म्हणता येईल.

या सर्व प्रयोगांतून एक सूत्र निघते. जेथे परीक्षेनंतर दुर्मीळ संधींचे वाटप व्हावयाचे आहे, तेथे पर्यायी अभ्यासक्रम पालकांचा विश्वास मिळवू शकत नाही.

९. मॅट्रिक ते शालान्त परीक्षा :

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४८ च्या कायद्यान्वये विद्यापीठाच्या मॅट्रिकची जागा शालान्त परीक्षेने घेतली. विद्यापीठाच्या प्रवेशापेक्षा शालेय शिक्षणाच्या पूर्ततेला महत्त्व देण्याचा हा प्रयत्न होता. १९६५ च्या अधिनियमानुसार राज्य मंडळ अस्तित्वात आले, १९६७ साली पुण्यात 'बालभारती'ची स्थापना होऊन पाठ्यपुस्तके स्वस्त व सार्वत्रिक झाली आणि १९७० च्या दशकात दहावी-बारावीचा आकृतिबंध रुजला. राधाकृष्णन आयोग (१९४८-४९), मुदलियार आयोग (१९५२-५३) आणि कोठारी आयोग (१९६४-६६) या तिन्ही आयोगांनी परीक्षासुधारणेची शिफारस केली. प्रा. यशपाल समितीने १९९३ साली दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजलेल्या ज्ञानाचे ओझे अधिक घातक असल्याचे निदर्शनास आणले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास न करण्याचे तत्त्व स्वीकारले. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात बदल करण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली.

नावे बदलली, मंडळे बदलली, पुस्तके अनेकदा बदलली. लोकव्यवहारात मात्र दहावीला 'मॅट्रिक' म्हणणारी पिढी अजूनही आहे, आणि त्या शब्दामागील भीती नव्या पिढीलाही समजते.

१०. दोन अलीकडील दाखले :

वरील प्रतिपादनाची पडताळणी करण्यासाठी दोन अलीकडील घटना उपयुक्त ठरतात. पहिली २०१९ ची. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली नवा अभ्यासक्रम आला आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळांकडील अंतर्गत गुण बंद करण्यात आले. निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील वर्षी अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. तीन वर्षांत महाराष्ट्रातील मुलांची आकलनशक्ती एवढी खाली-वर झाली, असे कोणी म्हणणार नाही. मोजपट्टी बदलली की माप बदलते. तरीही २०१९ साली अनुत्तीर्ण ठरलेल्या मुलाने ते अपयश स्वतःचेच मानले असणार.

दुसरी घटना २०२१ ची. कोरोनाच्या साथीमुळे दहावीची परीक्षा रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या आधारे ९९.९५ टक्के निकाल जाहीर झाला. परीक्षाविरहित शिक्षणाची ही अनपेक्षित संधी होती. परंतु अकरावीच्या प्रवेशासाठी लगेच सामायिक प्रवेशपरीक्षेची घोषणा झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. एक परीक्षा हटताच तिच्या जागी दुसरी उभी राहू पाहते, कारण नामांकित महाविद्यालयांतील जागा मोजक्या असतात आणि त्या कोणाला द्यावयाच्या, हा प्रश्न परीक्षेबरोबर रद्द होत नाही.

निष्कर्ष :

१) अभ्यासक्रम व परीक्षा यांविषयीची विद्यार्थ्याची तक्रार ही दीड शतकाची परंपरा असलेली, साधार तक्रार आहे. तिला पिढीचा दोष मानणे इतिहासाला धरून नाही.
२) मॅट्रिक ही मुळात निवडीसाठी निर्माण झालेली परीक्षा होती. शिक्षणाच्या मापनाचे काम तिच्याकडे ओघाने आले. आजच्या दहावी-बारावीच्या परीक्षांनाही हा वारसा मिळालेला आहे.
३) वंचित समाजांसाठी सार्वत्रिक लेखी परीक्षा ही काही प्रमाणात संरक्षक ठरली. म्हणून परीक्षा सरसकट रद्द करणे हा न्याय्य उपाय होऊ शकत नाही. शिक्षकाच्या किंवा संस्थेच्या मर्जीवर सोपविलेले मूल्यमापन दुर्बळांनाच अधिक महागात पडू शकते.
४) पर्यायी प्रयोग गुणवत्तेअभावी क्वचितच मागे पडले. सरकारी दडपण, उशिरा मिळालेली मान्यता आणि पुढील संधींशी जोड नसणे ही त्यांच्या मर्यादांची प्रमुख कारणे होती.
५) चांगल्या संधींची संख्या वाढविल्याशिवाय केलेली परीक्षासुधारणा ही केवळ प्रश्नपत्रिकेच्या स्वरूपाची सुधारणा राहते.

समारोप :

शिकलेले तपासणे आणि संधींसाठी निवडणे ही दोन कामे वेगवेगळी आहेत. ती वेगळी करण्याची गरज हंटर आयोगाला अंधुकपणे जाणवली होती. आपण ती अद्याप पूर्ण केलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मंडळ परीक्षांचे ओझे कमी करून मूलभूत आकलनावर भर देण्याचा संकल्प आहे. त्याचे यशापयश प्रश्नपत्रिकेच्या नव्या आराखड्यापेक्षा तालुक्याच्या ठिकाणी किती चांगली महाविद्यालये उभी राहतात, तेथे शिक्षकांची पदे भरली जातात की नाही आणि शेती, कारागिरी व उद्योग यांच्या शिक्षणाला समाजात किती मान मिळतो, यावरच अवलंबून राहील. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाच्या अभ्यासक्रमात शेती, हिशेब, नीती व आरोग्य असावे, असे जोतीराव फुले यांनी १८८२ साली लिहून दिले होते. त्या निवेदनाला आता एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली आहेत. विद्यार्थ्याच्या तक्रारीचे उत्तर शोधू पाहणाऱ्याने त्या कागदापासून सुरुवात करावयास हरकत नाही.